चुकीची विंडोज टाकली गेली? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलेल्या घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. त्यामुळे सध्या घरी, दुकानात, लहान ऑफिसात विंडोज ११ टाकायची घाई चालू आहे. या घाईत नेहमी होणारी चूक म्हणजे सेटअपची फाइल विंडोज ११ चीच असते, पण त्या मशीनला लागू होणारी नसते. मग प्रोग्रॅम उडतात, कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ दिसू लागते, आणि कोणीतरी सल्ला देतं, ‘फॉरमॅट मार, नवीन टाक.’ बऱ्याच वेळा फॉरमॅटची काही गरज नसते. उलट परत फिरायची जी वाट उघडी असते, ती फॉरमॅटनेच बंद होते.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवू. मराठीत आपण ‘व्हर्जन’लाही आवृत्ती म्हणतो आणि ‘एडिशन’लाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. २३एच२, २४एच२, २५एच२ ही व्हर्जन: ती वर्षागणिक पुढे सरकतात आणि फुकट मिळतात. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एंटरप्राइझ ही एडिशन: ती लायसन्सला बांधलेली असते. व्हर्जन पुढे गेलं तर लायसन्सला धक्का लागत नाही. एडिशन बदलली की लायसन्स लागू पडत नाही. खाली हे दोन शब्द याच अर्थाने वेगळे वापरले आहेत.

टाकण्याआधी मशीनकडून चार गोष्टी लिहून घ्या

कागद घ्या आणि खरोखर लिहा. सेटअपने विंडोज टाकायला सुरुवात केल्यावर ही माहिती बघायला परत जाता येत नाही.

पहिली गोष्ट एडिशन. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जा. खाली ‘एडिशन’ समोर पूर्ण नाव असतं, ते अक्षरशः उतरवा. ‘विंडोज ११ होम’ आणि ‘विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’ या दोन वेगळ्या एडिशन आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर सिंगल लँग्वेज असते, आणि तिचं लायसन्स साध्या होमला चालत नाही. शेपटाला ‘एन’ अक्षर असेल तर तेही लिहा. ती युरोपसाठी मीडिया प्लेअर वगळून केलेली एडिशन आहे. परदेशातून आणलेल्या लॅपटॉपवर ती भेटते.

दुसरी गोष्ट व्हर्जन आणि बिल्ड, म्हणजे त्या व्हर्जनचा आतला क्रमांक. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, विनव्हर टाइप करा, एंटर मारा. बिल्ड १९०४५ म्हणजे विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन २२एच२. २२६३१ म्हणजे विंडोज ११ चं २३एच२, २६१०० म्हणजे २४एच२, २६२०० म्हणजे २५एच२. तुमच्या हातातली फाइल मशीनवरच्या व्हर्जनपेक्षा जुनी असेल तर सेटअप प्रोग्रॅम ठेवायला तयार होत नाही. वर्षभरापूर्वी करून ठेवलेला पेन ड्राइव्ह ‘आहे ना आपल्याकडे’ म्हणून लावला जातो, तेव्हा नेमकं हेच होतं.

तिसरी गोष्ट ‘सिस्टिम टाइप’. ती त्याच अबाउट पानावर मिळते. ‘६४ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असेल तर नेहमीची फाइल चालते. ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असेल तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण विंडोज ३२ बिटची टाकलेली आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ३२ वरून ६४ वर प्रोग्रॅम ठेवून जाता येत नाही. तिथे सगळं नव्याने टाकावंच लागतं, त्यामुळे आधी बॅकअप. ‘एआरएम’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे स्नॅपड्रॅगनवाले नवे लॅपटॉप, तर त्यांची फाइल निराळी असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर तिचं पानही वेगळं आहे.

चौथी गोष्ट मूळ भाषा. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात आणि सगळ्यात कमी लोक ती तपासतात.

डाउनलोडच्या यादीत ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ असे दोन पर्याय असतात. वाचताना दोन्ही इंग्लिशच, म्हणून कोणीही एकावर टिचकी मारतं. विंडोजच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या भाषा आहेत: एक अमेरिकन, एक ब्रिटिश. मशीन अमेरिकन इंग्लिशवर उभं असेल आणि फाइल इंटरनॅशनल असेल, तर बाकी सगळं जुळूनही प्रोग्रॅम ठेवायचा पर्याय मिळत नाही.

मूळ भाषा बघायची एक खात्रीची रीत आहे. स्टार्टवर उजवी टिचकी मारून टर्मिनल (ॲडमिन) उघडा. विंडोज १० वर ते पॉवरशेल (ॲडमिन) असेल. मग इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा: डी आय एस एम, एक जागा, स्लॅश ऑनलाइन, एक जागा, स्लॅश गेट हायफन आय एन टी एल. एंटर. फोनवरून कोणाला सांगत असाल तर ‘जागा’ हा शब्द प्रत्येक वेळी म्हणा. ती सुटली की कमांड चालत नाही आणि समोरच्याला वाटतं की मशीनच बिघडलं. जे येईल त्यात ‘डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज’ ही ओळ शोधा. समोर इएन-यूएस असेल तर इंग्लिश युनायटेड स्टेट्सची फाइल, इएन-जीबी असेल तर इंग्लिश इंटरनॅशनलची.

स्क्रीनवर मराठी दिसत असेल तरी ही ओळ बघाच. मराठी हा विंडोजमध्ये इंग्रजीच्या पायावर चढवलेला भाषेचा पॅक असतो, खालची मूळ भाषा इंग्रजीच राहते. डाउनलोडच्या यादीत मराठी शोधत बसू नका, ती तिथे नाही. भाषा न जुळल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन डिस्प्लेची भाषा बदलूनही उपयोग होत नाही, कारण सेटअप पाया तपासतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, मूळ भाषेचा आकडा बदलून सेटअपला फसवायची युक्ती सांगितली जाते. ती करू नका. पाच जीबीच्या वरची फाइल पुन्हा उतरवायला एक संध्याकाळ जाते, पण अर्धवट भाषेच्या विंडोजमध्ये अपडेट अडू लागले तर त्याला अंत नाही.

फाइल कुठून आणि कशी घ्यावी

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ डाउनलोड पानावर खाली ‘मल्टी एडिशन आयएसओ’ असा पर्याय असतो. आयएसओ म्हणजे अख्खी सेटअप डिस्क एकाच फाइलमध्ये. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन या सगळ्या एकाच फाइलमध्ये असतात. चालू विंडोजमधून सेटअप सुरू केलं की ते मशीनवरची एडिशन बघून त्यातली योग्य ती आपोआप उचलतं. म्हणजे घरगुती मशीनसाठी ही फाइल घेतली तर एडिशन चुकायला फारसा वाव नाही. चुकते ती बाहेरून मिळालेली फाइल: कंपन्यांसाठीची एंटरप्राइझ, तिचीच दीर्घ मुदतीची एलटीएससी, किंवा कोणीतरी छाटछूट करून ‘हलकी’ केलेली. अशा फाइलमध्ये तुमची एडिशन नसतेच.

एंटरप्राइझची एक चाचणी फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर उघडपणे मिळते, म्हणून ती बरेच जण निर्धास्त टाकतात. ती ९० दिवसांची असते. मुदत संपली की डेस्कटॉप काळा पडतो आणि मशीन तासातासाला आपोआप बंद होऊ लागतं. तिला प्रॉडक्ट की घालून कायमची करता येत नाही. पुन्हा नव्यानेच टाकावी लागते. ऑफिसच्या मशीनवर ही फाइल लावू नका.

मीडिया क्रिएशन टूल या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमने सेटअपचा पेन ड्राइव्ह करणार असाल तर तो किमान ८ जीबीचा हवा, आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल. भाषेच्या पानावर ‘या पीसीसाठी सुचवलेले पर्याय वापरा’ अशी टिकमार्क लावलेली चौकट असते. पेन ड्राइव्ह शेजाऱ्याच्या किंवा सायबर कॅफेच्या मशीनवर करत असाल तर ‘या पीसी’ म्हणजे त्यांचा पीसी. टूल त्यांची भाषा उचलतं, तुमची नाही. टिक काढा आणि कागदावरची भाषा हाताने निवडा.

‘रेडी टू इन्स्टॉल’ हे पान

इथे थांबून प्रत्येक ओळ वाचायची. आधी सुरू कुठून करायचं ते सांगतो. प्रोग्रॅम ठेवायचे असतील तर पेन ड्राइव्हवरून मशीन बूट, म्हणजे चालू, करायचं नाही. बूट केल्यावर दिसणारा अपग्रेडचा पर्याय घेतला तरी सेटअप परत पाठवतं. नेहमीसारखी विंडोज चालू करा, लॉगिन व्हा, आयएसओवर डबल क्लिक करा म्हणजे ती नव्या ड्राइव्हसारखी उघडेल, आणि तिथलं ‘सेटअप’ चालवा. उघडताच ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही’ असा संदेश आला तर फाइल ६४ बिटची आणि विंडोज ३२ बिटची आहे, किंवा फाइल एआरएमची आहे. तिथेच थांबा.

पुढे अटींचं पान येतं, तपासणी होते, आणि ‘रेडी टू इन्स्टॉल’ उघडतं. त्यावर दोन ओळी बरोबरच्या खुणेसह दिसतात. पहिलीत काय टाकलं जाणार: ‘इन्स्टॉल विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’. हे नाव कागदावरच्या नावाशी शब्दशः जुळवा. ‘प्रो’ एवढा एक शब्द जास्त दिसला तरी पुढे जाऊ नका. दुसरी ओळ ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’. ती दिसत नसेल तर खालच्या ‘चेंज व्हॉट टू कीप’ या लिंकवर जा. तिथे तीन पर्याय असतात: फाइली आणि ॲप्स, फक्त फाइली, काहीच नाही. पहिला पर्याय फिका असेल, त्यावर क्लिक होत नसेल, तर कागदावरच्या चार गोष्टींपैकी कुठलीतरी जुळलेली नाही असं समजा. ‘फक्त फाइली’ घेऊन पुढे जायचा मोह आवरा आणि सेटअप बंद करा. या घडीपर्यंत मशीनला काहीही झालेलं नाही. बंद केल्यावर सगळं जसंच्या तसं असतं.

हे आग्रहाने सांगायचं कारण असं की ‘फक्त फाइली’ हा पर्याय ऐकायला सुरक्षित वाटतो. फोटो राहतील, कागदपत्रं राहतील. पण जातात ते प्रोग्रॅम. हिशेबाच्या टॅलीचं लायसन्स त्या मशीनवर चालू केलेलं असतं, ते आधी सरेंडर करून, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून, मगच हलवणं सोपं पडतं. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी किंवा आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर, त्यांचे डोंगल (लायसन्ससाठी मशीनला लावायचे तुकडे), डोंगलचे ड्रायव्हर असतात. प्रिंटरचे जुने ड्रायव्हर, बँकेच्या किंवा जीएसटीच्या डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर असतं. हे सगळं पुन्हा बसवायला सीडी, सिरियल नंबर आणि एखादा अख्खा दिवस लागतो, आणि यातली एक गोष्ट हमखास सापडत नाही. आणखी एक: ३२ बिट विंडोजवर चालणारा फार जुना १६ बिट प्रोग्रॅम ६४ बिटवर चालतच नाही, कितीही खटपट करा. असा प्रोग्रॅम कामाचा असेल तर ते मशीन इंटरनेटपासून तोडून तसंच ठेवा आणि विंडोज ११ साठी दुसरं घ्या.

सेटअप एखादा एरर कोड देऊन थांबलं तर तो लिहून घ्या. सुरुवातीच्या शून्य-एक्सनंतर सी१९००२०४ असेल तर निवडलेला पर्याय मिळणार नाही असा त्याचा अर्थ, आणि कारण बहुतेक एडिशन किंवा भाषा. सी१९००२०८ म्हणजे न जुळणारा एखादा प्रोग्रॅम. सी१९००२०ई किंवा ८००७००७० म्हणजे जागा कमी. सी१९००१०१ ने सुरू होणारे कोड ड्रायव्हरचे असतात, त्यांचा चुकीच्या फाइलशी संबंध नाही. त्यांच्यासाठी प्रिंटर, डोंगल, बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवा, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस तात्पुरता काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

सेटअप सुरू करण्याआधीची तयारी थोडक्यात: सी ड्राइव्हवर किमान २५ ते ३० जीबी मोकळी जागा ठेवा. लॅपटॉप चार्जरवर लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर हवाच, कारण लोडशेडिंगच्या वेळेत हे काम करणं म्हणजे मशीन पणाला लावणं. कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर लॉगिन करून, डिव्हाइसच्या यादीतून, कागदावर उतरवा. ती मशीनमध्येच सेव्ह करून उपयोग नाही. अपग्रेडनंतर मशीनने ती मागितली आणि ती नसली, तर तो डेटा कोणीही परत देऊ शकत नाही.

टाकून झाल्यावर लक्षात आलं तर

पहिली गोष्ट: काही पुसू नका. सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर बघा. ते असेल तर जुनी विंडोज अजून तिथेच आहे. डिस्क क्लीनअप चालवू नका, स्टोरेज सेन्स बंद करा, ‘जागा खाते’ म्हणून ते फोल्डर उडवू नका. त्याचे वीस-तीस जीबी ही तुमची परतीची वाट आहे.

सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ हे बटण असतं. ते अपग्रेडनंतर १० दिवस चालतं. पूर्वी ही मुदत ३० दिवसांची होती, २०१६ पासून १० वर आली. दाबण्याआधी नव्या विंडोजमध्ये तयार केलेल्या फाइली बाहेर घ्या, अपग्रेडनंतर काढलेली नवी युजर अकाउंट डिलीट करा, जुना पासवर्ड आठवून ठेवा, आणि पेन ड्राइव्हवरून अपग्रेड केलं असेल तर तोच पेन ड्राइव्ह लावून ठेवा. विंडोज नीट उघडत नसेल तर लॉगिनच्या स्क्रीनवरून शिफ्ट धरून रिस्टार्ट करा. तेही जमलं नाही, तर चालू होताना दोन-तीन वेळा बंद पडल्यावर दुरुस्तीची निळी स्क्रीन आपोआप येते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स, आणि ‘लेटेस्ट फीचर अपडेट’ काढा.

दहा दिवस कमी पडतील असं वाटत असेल तर मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती संपायच्या आत. ॲडमिन टर्मिनलमध्ये: डी आय एस एम, जागा, स्लॅश ऑनलाइन, जागा, स्लॅश सेट हायफन ओएसअनइन्स्टॉलविंडो, जागा, स्लॅश व्हॅल्यू, कोलन, ६०. ओएसपासून विंडोपर्यंत सगळी अक्षरं जोडून, मध्ये जागा नाही. ऑफिसमधल्या प्रत्येक मशीनवर अपग्रेडच्या दिवशीच ही कमांड चालवून ठेवा. महिनाअखेरचा हिशेब किंवा रिटर्न भरायची तारीख आल्यावरच कळतं की अमुक सॉफ्टवेअर चालत नाही, आणि तोवर दहा दिवस उलटलेले असतात.

२४एच२ वरून २५एच२ वर जाणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. ही दोन व्हर्जन एकाच पायावर आहेत, विंडोज अपडेटमधून येणारा बदल फार छोटा असतो आणि विंडोज डॉट ओल्ड तयार होत नाही. मागे यायचं असेल तर विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्समधून तो काढा.

विंडोज चालते, पण ॲक्टिव्हेट होत नाही

एडिशन चुकल्याची सगळ्यात ठळक खूण म्हणजे ॲक्टिव्हेशनच्या पानावर सी००४एफ२१० किंवा सी००४एफ२१२ हा कोड. दोन्हींचा मतलब एकच: मशीनकडे लायसन्स आहे, पण या एडिशनचं नाही. इथे नवी प्रॉडक्ट की विकत घ्यायला धावू नका.

आधी बघा की मशीनवर सध्या काय आहे. विंडोजचं बटण आणि आर, मग टाइप करा: एस एल एम जी आर, जागा, स्लॅश डी एल आय. छोट्या खिडकीत एडिशन, लायसन्सचा प्रकार आणि प्रॉडक्ट कीचे शेवटचे पाच अक्षर-अंक येतात. प्रकारात ‘ओईएम’ असेल तर लायसन्स मशीनसोबत आलेलं, ‘रिटेल’ असेल तर बहुधा वेगळं विकत घेतलेलं. ‘व्हॉल्यूम’ दिसलं आणि मशीन घरचं आहे, तर ते कुठल्यातरी कंपनीच्या लायसन्सवर आहे. कंपन्यांकडून सुटून बाजारात येणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर हे नेहमी दिसतं. केएमएस पद्धतीचं, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं, ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, कंपनीच्या नेटवर्कबाहेर ते पुन्हा होत नाही.

होमचं लायसन्स असलेल्या मशीनवर प्रो आली असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावरून मागे जाता येत नाही, वाट फक्त वर जाणारी आहे. दहा दिवसांच्या आत ‘गो बॅक’, नाहीतर बॅकअप घेऊन नव्याने. नव्याने टाकताना मात्र एक सोय आहे. विंडोज ८ च्या काळापासून ब्रँडेड लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच प्रॉडक्ट की लिहिलेली असते. सेटअप ती वाचतं, न विचारता योग्य एडिशन टाकतं, आणि इंटरनेट जोडलं की ॲक्टिव्हेट होतं. तुम्हाला काही टाइप करावं लागत नाही.

हीच सोय उलट्या बाजूने त्रास देते. लॅपटॉप होमचा होता, तुम्ही नंतर पैसे देऊन प्रो घेतली, आणि आता नव्याने टाकल्यावर पुन्हा होम येते, कारण सेटअपने मदरबोर्डमधली की वाचली. इथे परत फॉरमॅट मारायची काहीच गरज नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, ‘चेंज प्रॉडक्ट की’ इथे प्रोची की घाला. विंडोज स्वतःला प्रोमध्ये बदलून घेते, प्रोग्रॅम जागेवर राहतात. प्रो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतली असेल आणि हातात की नसेल, तर त्याच अकाउंटने लॉगिन होऊन ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर चालवा.

पेन ड्राइव्हनेच प्रो टाकायची असेल तर त्यातल्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये ईआय डॉट सीएफजी नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवतात. तिच्या चार ओळी: चौकोनी कंसात चॅनल, खाली रिटेल, मग चौकोनी कंसात व्हीएल, खाली शून्य. कंसातले आणि बाकीचे शब्द अर्थात इंग्रजीत. मग सेटअप आपोआप निवडण्याऐवजी एडिशनची यादी दाखवतं. फाइल ठेवूनही यादी येत नसेल तर बहुधा नोटपॅडने नावाच्या शेवटी डॉट टीएक्सटी चिकटवलेलं असतं. सेव्ह करताना ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, आणि एक्सप्लोररमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दाखवायचं चालू करून खात्री करा.

न पेलणाऱ्या मशीनवर टाकली असेल तर

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट जमणारं यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तपासणी टाळून टाकण्याच्या युक्त्या आहेत आणि लोक त्या वापरतात. मशीन चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ ही सोय नसेल तर विंडोज बूटच होत नाही, तिथे कुठलीही युक्ती चालत नाही. पोटापाण्याचं काम चालणारं मशीन असेल तर दहा दिवसांच्या आत मागे या आणि वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा. आधी बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम बंद तर नाही ना ते बघा. इंटेलमध्ये ते ‘पीटीटी’, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने असतं. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बंद असतं.

इन्सायडर, म्हणजे विंडोजच्या नव्या गोष्टी आधी वापरून बघायची मायक्रोसॉफ्टची योजना, तिची चाचणी बिल्ड चुकून घेतली असेल तर त्यातला कुठला चॅनल (गट) आहे त्यावर ठरतं. बीटा असेल तर पुढचं अधिकृत व्हर्जन येताच बाहेर पडायचा पर्याय सेटिंग्जमध्ये असतो. डेव्ह किंवा कॅनरी असेल आणि दहा दिवस होऊन गेले असतील, तर नव्यानेच टाकावी लागते.

सगळं गेलं असं वाटत असेल तर

नव्याने टाकताना जुनं पार्टिशन पुसलं नसेल, तर फाइली विंडोज डॉट ओल्डमध्येच आहेत. त्यात ‘युजर्स’, मग तुमच्या नावाचं फोल्डर, मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. परवानगी नाही असं म्हणालं तर ‘कंटिन्यू’ दाबा. कॉपी करा, कट करू नका. दोन जागा हमखास विसरल्या जातात. एक, ‘ॲपडेटा’ हे लपलेलं फोल्डर, जिथे आउटलुकची मेल आणि ब्राउझरचे बुकमार्क असतात. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या गोष्टी दाखवायचं चालू करा. दुसरी, विंडोज डॉट ओल्डमधल्या ‘विंडोज’ फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’. पत्रिका, बॅनर, अंक यांच्या जुन्या फाइली ज्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या असतात, ते फॉन्ट बहुधा इथेच असतात. ते मिळाले नाहीत तर फाइल उघडते, पण मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात.

पार्टिशन पुसून टाकली असेल तर मशीन लगेच बंद करा. हार्ड डिस्क असेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडून रिकव्हरी करता येते, आणि जितकं कमी लिहिलं गेलं असेल तितकं जास्त मिळतं. एसएसडी असेल तर आशा फार थोडी. मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकते, त्यामुळे अशा वेळी रिकव्हरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला ‘मिळालं तर पैसे’ हीच अट घाला.